मोठी डोकी, बारीक पाय

फ्रेमिंगचं दुकान म्हणजे शांत काम, असं आमच्या गिरावीन उपनगरातल्या मराठी मंडळींना आधी वाटायचं. शांत कसलं डोंबलाचं! आता पॉटलकच्या जेवणाला मी काय करून नेलंय ते कोणी बघत नाही. आधी प्रश्न, "दुकानात नवीन काय झालं?"

माझा बॉस कॉलिन, सत्तरीचा, मोजकं बोलणारा. आम्ही जुने कागद साफ करून फ्रेम करतो. त्यात सगळ्यात जास्त येतात ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लिश मासिकांतली व्यंगचित्रं. मंत्री, जज, सर्जन. डोकं भोपळ्याएवढं, पाय काडीसारखे!

*

पहिल्याच आठवड्यात एका जजसाहेबांना आंघोळ घालायची होती. पिवळा पडलेला कागद चक्क पाण्यात धुतात! कॉलिनने रंग तपासले होते. तरी मी कागद ट्रेमध्ये सोडला आणि पाणी हळूहळू गुलाबी व्हायला लागलं. मी ओरडले, "कॉलिन!"

तो धावत आला, कागद अलगद उचलला. दोघांनी श्वास रोखून पाहिलं. लाल झगा शाबूत. फक्त नाकाची लाली गेली होती. ती कोणीतरी मागाहून रंगवलेली असणार.

कॉलिन म्हणाला, "चला, म्हाताऱ्याची एकदाची उतरली!"

*

शिरीषदादा आमच्यातले हाडांचे सर्जन. त्यांनी हौसेने करवत घेतलेल्या सर्जनचं चित्र वेटिंग रूममध्ये लावलं. दुसऱ्याच दिवशी अर्वोला, म्हणजे दुपारी, मला फोन.

"अगं, आधी ये आणि हे काढ! गुडघ्याचा पेशंट चित्र बघून उठला आणि तडक चालत निघून गेला!"

"चालत?"

"हो ना! महिनाभर कुबडीशिवाय उभा राहत नव्हता!"

*

एकदा एक जोडपं चित्र घेऊन आलं. त्यात एक मंत्री, हनुवटी छातीपर्यंत लोंबलेली. कॉलिनने एकदा चित्राकडे, एकदा त्या गृहस्थाकडे बघितलं. "पणजोबा ना? हनुवटी अगदी सेम!"

"मी हे बाजारात घेतलं," गृहस्थ थंडपणे म्हणाले.

मी जमिनीकडे बघत राहिले. आता गिऱ्हाईक गेलं! तेवढ्यात बायको म्हणाली, "बघ! मी घरी हेच म्हणत होते!"

*

आणि ही मागच्या महिन्यातली मार्गारेट. तिचे पणजोबा हिंदुस्थानात बडे साहेब होते. चित्रात ते खुर्चीत, डोकं हे एवढं. मागे उघड्या अंगाचा, हाडकुळा नोकर त्यांच्यावर छत्री धरून उभा.

चित्र टेबलावर ठेवलं आणि तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला. कॉलिनने हातातली पट्टी खाली ठेवली.

"हा मागचा माणूस माउंटखाली झाकता येईल का? घरी नातवंडं येतात. आणि तुझ्यासमोर तर मला…"

माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. झाकता येतं सहज. मी पुठ्ठा ठेवून पाहिला. माणूस गेला. छत्री तशीच हवेत.

"येईल," मी म्हटलं. "पण मग छत्री कोणी धरलीय?"

तिने चित्र स्वतःकडे ओढलं. मला वाटलं, आता गुंडाळून निघून जाणार.

तिने स्वतःच पुठ्ठा उचलला आणि दुसऱ्या बाजूला सरकवला.

"मग पणजोबांना झाक," ती म्हणाली.