बॅकअपमध्ये नसलेला रक्तदाता

एक विनंती आधीच करते. हे वाचून मला "नारळ फोड", "कुणाला तरी दाखवून घे" असले सल्ले देऊ नका. मी अंबरनाथच्या बुवापाड्यातली. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, उतारा नाही, अंगात येणं नाही. भूतबित मी तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. तरी लिहितेय... कारण घडलं ते घडलं.

२००६ सालची गोष्ट. उल्हासनगरला माझा मित्र जितू याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. तिथेच मागच्या टेबलावर बसून मी वेबसाईट बनवायचे. आम्ही दोघं हौसेने एक साईट चालवायचो – आपल्या भागातल्या रक्तदात्यांची. प्रत्येक दात्याचं एक पान : नाव, गाव, रक्तगट, फोन. पानं मीच बनवायचे. पासवर्ड आम्हा दोघांकडेच.

एक दिवस साईटचा सर्व्हर बसला आणि सगळी पानं उडाली. मी घाबरले नाही. बॅकअप सीडीवर होता, आणि पानं परत आणायला मी एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. ती सीडीवरची पानं आधी एका रिकाम्या फोल्डरमध्ये काढायची, एकेक पान सीडीशी ताडून बघायची आणि कमी-जास्त काही सापडलं तर लाल अक्षरात दाखवायची. मी हो म्हटल्याशिवाय एकही पान साईटवर चढत नसे. एवढी काळजी घेणारी बाई आहे मी.

स्क्रिप्ट चालू असतानाच गावातल्या एका रक्तपेढीतून फोन आला. तिथल्या मॅडम आम्हाला ओळखायच्या.

"प्रज्ञा, बॉम्बे ब्लड ग्रुपचं कुणी आहे का गं तुझ्याकडे? बारवी धरणाकडच्या पाड्यावरची बाई आहे. बाळंतपणात फार रक्त गेलंय. ओ ग्रुपच्या बाटल्या जुळत नाहीयेत."

हा गट फार क्वचित सापडतो, आणि अशा माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. आमच्याकडे त्या गटाचं कुणीच नव्हतं, हे मला पाठ होतं. तेवढ्यात त्या बाईच्या नवऱ्याने फोन घेतला.

"ताई, मिलंल ना रगत? पोर लय बारीक हाय वं..."

"बघते दादा" म्हटलं, आणि मान वर केली तर स्क्रीनवर एक लाल ओळ. 'हे पान बॅकअपमध्ये नाही.'

पान उघडलं. आमचंच डिझाईन. रमेश, वांगणी, मोबाईल नंबर. रक्तगट – बॉम्बे.

जितू मागे येऊन उभा राहिला. "डिलीट मार, प्रज्ञा. किसी ने घुसाया है. हॅकर असेल."

"साईट तर बंद आहे, आपल्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये कोण घुसवणार? आणि फोन केला तर बिघडणार काय? रक्त तपासूनच घेतात ना?"

"अरे, पण तुझाच रूल आहे, जास्तीचं पान उडवायचं!"

"रूल माझा आहे ना? मग आज मी तो मोडणार." नंबर तळहातावर लिहिला आणि फोन लावला.

समोरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, माझं नाव तुम्हाला कुणी दिलं?"

"आमच्या साईटवर आहे."

"मी कुठल्याच साईटवर नाव दिलेलं नाही. कंपनीच्या आयकार्डासाठी रक्तगट तपासला, त्यांनी दोनदा रक्त घेतलं. रिपोर्ट आत्ता हातात आलाय... अजून बायकोलाही सांगितलं नाही."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू? पण आवाज तसाच ठेवून विचारलं, "येता का?"

"निघालो," म्हणाला.

मी दुकान जितूवर सोडून रक्तपेढीत गेले. रमेश बाईक घेऊन आला – साधा, घामाघूम झालेला माणूस. तपासण्या झाल्या, रक्त जुळलं. हॉस्पिटलात ती बाटली चढली तेव्हा तो पाड्यावरचा नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाई वाचली.

इकडे जितूने साईट सुरू करायची म्हणून फोल्डर रिकामं करून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सगळी पानं बरोबर आली. एकही लाल ओळ नाही, ते पानही नाही. नंतर मी ती सीडी किती वेळा तपासली असेल! ती रमेशच्या रक्तगटाची तपासणी व्हायच्या कितीतरी आधीची.

कुणी म्हणालं देवाने पाठवलं. कुणी म्हणालं, प्रज्ञा फेकते. पहिल्यांना सांगते, माझ्या घरात देव्हारा येणार नाही. दुसऱ्यांना सांगते, जितूला विचारा. त्याने ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ते कुठून आलं, कुणी लिहिलं, मला माहीत नाही. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काढली, तरी उत्तर नाही. नसू दे. उद्या पुन्हा तसं पान समोर आलं, तर आधी फोनच लावीन.