एमिलने फिरवलेला वारा

एमिलला चहाला बोलवायचं म्हणजे आधी भिंतीवरचं त्याने रंगवलेलं चित्र उतरवून पलंगाखाली ठेवायचं. नाहीतर आपण आलं किसून येईपर्यंत हा बुटांसकट सोफ्यावर चढलेला, मोज्यातून काढलेला ब्रश हातात, आणि आपण विकत घेतलेल्या समुद्राला ओहोटी लागलेली. इथं कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्या टाउनहाउसच्या रांगेत हा फ्रेंच म्हातारा अगदी शेजारी. सगळा जन्म समुद्र आणि जहाजं रंगवण्यात गेलेला. माझा मुलगा वैतागून म्हणायचा, आई, त्याला सांग, सोफा विकला की दुकानदार परत येत नाही. मी सांगितलं. एमिल म्हणाला, "मी चित्र विकलं. समुद्र नाही विकला."

त्याचं इंग्लिश माझ्याइतकंच मोडकं, म्हणून तर आमचं जमलं. फाडफाड बोलणाऱ्यांपुढे आम्ही दोघंही गप्प. मी हर्णैची, वडील गलबतावर तांडेल, तेव्हा वाऱ्यापाण्यातलं मला कळतं हे त्याला ठाऊक. नवं चित्र झालं की कुंपणावरून हाक यायची, "मावशी, बुडेल का?" माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पण कॉलनीतली मुलं म्हणतात म्हणून तोही मावशीच म्हणे. मी चष्मा पुसून बघायची आणि सांगायची, बुडायचं नाही, पण ही दोन माणसं भिजणार.

त्याचं सगळ्यात मोठं चित्र आमच्या डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये. तिथंही हा गेला होताच, शिडांतला वारा फिरवायला. शिडं उलट बाजूला फुगवून झाली आणि तेवढ्यात डॉक्टरांनी पकडलं, हाताला धरून बाहेर काढलं. पुढे कधीतरी मी तपासणीला गेले तर काय, शिडं पुढे फुगलेली आणि झेंडा मागे उडतोय. एका जहाजावर दोन वारे. येऊन मी सांगून टाकलं. नको होतं सांगायला. म्हातारा पायरीवर बसलाच. डोळे अधू झाले म्हणून पुढच्या आठवड्यात तो फ्रान्सला मुलीकडे निघाला होता, कायमचा. म्हणाला, "हे असं ठेवून जाऊ?" मी डॉक्टरांना फोन केला, त्याच्या डोळ्यांचंही सांगितलं, मुलाकडूनही करवला. त्यांचं एकच, मला आहे तसंच आवडतं, आणि त्या गृहस्थांनी आता काही सुधारायचं नाही.

मग मी दाढ दुखवून घेतली. अपॉइंटमेंट घेतली, एमिल सोबतीला. त्याच्या मोज्यात ब्रश, खिशात रंग. मी आत डॉक्टरांना अडकवून ठेवायचं असं ठरलं. मी इतकी मनापासून कण्हले की त्यांनी एक्स-रे काढला, आणि दाढ खरंच किडलेली निघाली. उपटलीच.

अर्धं तोंड बधिर, गालात कापूस, अशी बाहेर आले. काउंटरवरची मुलगी जेवायला गेलेली. एमिल खुर्चीवर उभा. जुना झेंडा त्याने आभाळाच्या रंगात छान बुडवला होता, पण नवा कुठे दिसेना. लाल ब्रश नुसता हवेत धरलेला.

"मावशी, डोलकाठीचं टोक सापडत नाही," तो म्हणाला. "जिथं बघतो तिथंच डोळ्यापुढे भोक पडतं."

आणि खाली उतरून ब्रश माझ्या हातात दिला. मी नाही म्हणणार होते, पण जीभच वळेना. चढले खुर्चीवर. रांगोळीपलीकडे जन्मात काही काढलेलं नाही मी. एमिलने खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"घाबरू नका," तो म्हणाला. "वारा कुठून येतो ते तुम्हाला माहीत आहे."

दिला एक फटकारा. मग जरा हिंमत आली, दुसरा दिला.

एमिल गेला, आणि वर्षाच्या आत तिकडेच वारला. मुलीचं पत्र आलं. डॉक्टरांना मात्र अजून काही पत्ता नाही. परवा माझ्या तोंडात आरसा घालून ते नव्या नर्सला सांगत होते, बाहेरच्या जहाजावरचा तो झेंडा जाऊन बघ, डोळे गेले होते म्हाताऱ्याचे, पण हात बघ काय होता.

मी तोंड उघडंच ठेवलं आणि मान हलवली.