सॅक्सोफोनची जागा

आमचा बँड चौघांचा. सुरतच्या उधन्यातल्या एका बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी सराव चालायचा. प्रोग्रेसिव्ह रॉक, त्यात जॅझची वळणं आणि सायकेडेलिक गिटारचा घुमणारा आवाज. एकेक रचना पंधरा-पंधरा मिनिटांची. सुरतमध्ये असलं वाजवणारे तीन-चारच बँड होते आणि आम्ही सगळे एकमेकांच्या कार्यक्रमांना जायचो, कारण दुसरं कोणी फारसं यायचंच नाही. कीबोर्ड माझा. रचनाही बहुतेक माझ्याच.

मग ड्रमरने नवागामहून एकाला आणलं. वरातीत सॅक्सोफोन वाजवणारा, आमच्यासारखाच खानदेशी. नोटेशन वाचता येत नव्हतं. माझी जी रचना बसवायला आम्हाला दोन महिने लागले, ती त्याने दोनदा ऐकली, डोळे मिटले आणि अशी वाजवली, की गिटारवाला हात थांबवून त्याच्याकडे बघतच राहिला. माझ्याकडे कधी कोणी तसं बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्याच्या चुका शोधू लागलो. "इथे लग्नातलं वाजवू नका," असंही एकदा सगळ्यांसमोर बोललो. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. "बरं भाऊ," एवढंच म्हणाला.

पुढे एका कॉलेजच्या सभागृहात दुपारचा कार्यक्रम होता. माझा सोलो संपला की मी मान हलवायची आणि त्याने सुरू करायचं, असं ठरलं होतं. मी मान हलवलीच नाही. वाजवत राहिलो. ड्रमर डोळे वटारत होता. सॅक्सोफोनवाला माउथपीस ओठांजवळ धरून शांत उभा. शेवटी मी रचना परस्पर संपवून टाकली. टाळ्या पडल्या.

बाहेर पार्किंगमध्ये त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "भारी वाजाडं रे भो!"

ते मला सहन होईना. पुढच्या रविवारी लवकर जाऊन त्याला एकट्याला गाठलं. "त्या दिवशी मी मुद्दाम केलं," म्हणालो.

"माहीत आहे," तो माउथपीसची रीड ओठांत ओली करत म्हणाला. "बावीस आवर्तनं जास्त घेतलीस. मी मोजत होतो. पण मधे असा काही सूर लावलास, की वाटलं, याला अडवू नये."

माफ केलं असतं तर बरं झालं असतं. त्याने तर दाद दिली. तेव्हा तो मला आणखीच नकोसा झाला.

वर्षभरात तो दुसऱ्या बँडमध्ये गेला, आमचा बँड फुटला. पुढे त्याचं नाव झालं. आता इथल्या नव्या बँडमधली पोरं मला विचारतात, "तुम्ही त्यांच्यासोबत वाजवलंय ना?" हो म्हणतो आणि विषय बदलतो.

मागच्या महिन्यात त्याच्या कार्यक्रमाला गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. मधेच त्यांच्या कीबोर्डवाल्याचा सूर चुकला आणि मला खरोखर आनंद झाला. पण त्याने तोच चुकलेला सूर सॅक्सोफोनवर उचलला, घोळवला आणि सुंदर करून परत दिला. लोक उभे राहिले. मीही राहिलो, सगळ्यांच्या नंतर.