पाहुणा आहे का घरचा?

गेटवरचे गार्ड त्यांना ‘गुब्बारेवाले सर’ म्हणत. मोहालीच्या नॉलेज सिटीत शास्त्रज्ञ पुष्कळ. पण भल्यामोठ्या फुग्याला डबी बांधून ती विमानांच्याही वर सोडणारे हे एकच. तिथल्या विरळ, गोठलेल्या हवेत जिवाणू तग धरतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

सर नागपूरचे. वरून आलेल्या जिवाणूला ते ‘पाहुणा’ म्हणत आणि आमच्या हातातून, श्वासातून चुकून मिसळलेल्याला ‘घरचा’. मी त्यांची विद्यार्थिनी. जिवाणू वाढवायची काचेची बशी घेऊन मी धावत गेले की चष्मा कपाळावर सरकवत, “पाहुणा आहे का घरचा, ते सांग आधी.” बहुतेक वेळा घरचाच निघे. पुढे लॅबमधली पंजाबी पोरंसुद्धा “यार, घरचा है!” म्हणून मला चिडवायला लागली.

पीएचडीच्या चौथ्या वर्षी एका बशीत पिवळा ठिपका उगवला. मी सगळ्यांचे हात तपासले, कुणाच्याच हातावरच्या जिवाणूशी जुळेना. सरांचा तेवढा तपासला नाही. सरांना ‘हात पुढे करा’ कसं म्हणायचं? माझा अख्खा प्रबंध त्या ठिपक्यावर उभा राहिला. सरांनी शोधनिबंध छापायला पाठवला आणि सगळ्यांना पिन्नीचे लाडू वाटले.

आठवड्याभराने त्यांनीच माझ्यासमोर तळहात धरला. “फुगा सोडला त्या दिवशी धुक्यात डबीचं झाकण अडकलं होतं. मी हातमोजा काढला होता. बघ.”

तपासणीत जुळला. त्याच दुपारी सरांनी शोधनिबंध मागे घेतला. “एवढं काय मनाला लावून राहिली? घरचा निघाला, इतकंच.” माझी मात्र दोन वर्षं गेली. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मला रडू आलं नाही. स्मशानात सरांच्या पत्नीने, काकूंनी, माझा हात धरला, तोही दुसऱ्या कुणाचा असावा तसा वाटला. घरी येऊन मी कपडे वाळत घातले.

पुढच्या आठवड्यात लॅबमधला त्यांचा डीप फ्रीझर रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. तळाशी एक नळी होती, तिच्यावर सरांच्या अक्षरात फक्त ‘घरचा’. उणे ऐंशी अंशात त्यांच्या तळहातावरचा तो जिवाणू अजून जिवंत होता.

“मॅडम जी, ये भी फेंक दूं?” आमचे म्हातारे लॅब अटेंडंट कचऱ्याची पिशवी धरून उभे होते.

“नहीं जी,” मी म्हटलं, “ये घर का है.”