ताईची चौथी फेरी

माझी ताई लोकांचे दात करते. दातांची डॉक्टर नव्हे. डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून कवळ्या करणारी. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, प्लास्टरच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या खोलीत बसून ती मेणात एकेक दात बसवते, डोळ्याजवळ धरून बघते, नाक मुरडते आणि पुन्हा काढते. वय पन्नाशीला टेकलेलं. या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात. आमच्या ताईला पोहणं, सायकल आणि धावणं असं तिन्ही एका दमात करायचं खूळ लागलं. त्याला ट्रायथलॉन म्हणतात. मी त्याला हातपाय मोडून घेण्याचे धंदे म्हणतो.

मी तिचा धाकटा भाऊ. सकाळी दुकानादुकानांतून पाव पोचवतो. माझ्या गाडीत सायकल आडवी मावते, एवढ्याच लायकीवर मी दरवर्षी तिच्या शिबिराला जातो. गेल्या वर्षी शिबिरातच ती पडली तेव्हा मीच तिला पावाच्या रिकाम्या ट्रेमधून वाट काढत आत झोपवलं होतं. उतारावर एक हात सोडून तिनं पाण्याची बाटली उचलली, वळणावर चाक खडीवरून सरकलं आणि ताई रस्त्यावर. कॉलरबोनचे दोन तुकडे. आत धातूची पट्टी, सात स्क्रू. वाटेत ती रडली नाही. "खड्डे बघून चालव रे," एवढंच म्हणाली. रडलो मी, तेही घरी जाऊन, दार लावून.

मग वर्षभर तिनं जे केलं ते मी बघितलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम होता. हात जिथवर पोचे तिथे ती पेन्सिलीनं रेघ मारायची. कधी आठवडाभर रेघ जागची हलत नसे, तरी ही रोज भिंतीसमोर उभी. मागच्या खोलीत जागच्या जागी फिरणारी सायकल आणली आणि रोज कामावरून आली की दीड तास त्यावर. भावोजी पलीकडच्या खोलीत बातम्यांचा आवाज वाढवत न्यायचे आणि शेवटी वैतागून फिरायला निघून जायचे. पाय तिचे लोखंड झाले. या वर्षी शिबिराला निघालो तेव्हा घरचे सगळे एका सुरात म्हणाले, "जमेल, जमेल!" मी गाडीचा आरसा पुसत बसलो.

शिबिर तळ्याकाठच्या शाळेत असतं. सुट्टीत बाकं भिंतीला लावून वर्गात गाद्या टाकतात. शिकवणारे मास्तर सत्तरीचे, वाळलेले, आणि मेले तरी नियम सोडणार नाहीत असे. त्यांचा एक नियम सगळे घाबरून पाळतात. तळ्याभोवतीच्या सायकलच्या फेऱ्या संपल्या की मास्तर प्रत्येकाची बाटली स्वतः उलटी करतात. पाणी सायकल चालवता चालवता प्यायचं, पाय जमिनीला लावायचा नाही. बाटलीतून पाणी पडलं तर त्या दिवशी धावायचं नाही. पाणी न पिता उन्हात धावलेला एक माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळला होता, तेव्हापासूनचा हा नियम. शेवटच्या दिवशी जो तिन्ही पुरी करेल त्याचंच नाव मोठ्या शर्यतीच्या संघात. ताईला ते नाव हवं होतं.

पहिल्या दिवशी ती पोहून सगळ्यांच्या आधी बाहेर आली. सायकलवर तरण्याताठ्यांना मागे टाकलं. मास्तरांनी बाटली उलटी केली आणि सगळं पाणी भळभळ मातीत गेलं.

"प्यायली का नाहीस?"

"हात सुटत नाही, मास्तर," ताई म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर घरच्या सायकलवर तिनं पाणी शेजारच्या स्टुलावरून घेतलं होतं. ती सायकल हलत नाही, पडत नाही. पाय तयार झाले, फुप्फुसं तयार झाली, पण हँडल सोडायचं धाडस करायची वेळच कधी आली नाही. एवढी हिशेबी बाई आणि नेमकं हेच विसरली.

दुसरा दिवस तोच. तिसरा, चौथाही तोच. चौथ्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं. "झाडामागे ओतून टाक की. बघतंय कोण?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. "मापात खोट असली ना, तरी कवळी तोंडात बसते. दवाखान्यात छान दिसते. घरी जाऊन पहिला घास घेतला की माणूस कळवळतो. मला तसं धावायचं नाही."

पाचवा, शेवटचा दिवस. पोहणं झालं. सायकलच्या तीन फेऱ्या, वीस-वीस किलोमीटरच्या. मी गाडी सरळ रस्त्याच्या कडेला लावून बसलो. पहिल्या फेरीत तिचे दोन्ही हात हँडलला चिकटलेले. दुसरीत उजव्या हाताची बोटं उचलली गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. तिसरीत तर ती माझ्यासमोरून गेली तेव्हा ओठांना पापुद्रे धरलेले दिसले. मास्तरांनी बाटली उलटी केली. भरलेली.

आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. संपलं एकदाचं. आता ही घरी बसेल, हिची हाडं शाबूत राहतील. मी गाडीची किल्लीही हातात घेतली.

"मास्तर, अजून एक फेरी मारते," ताई म्हणाली.

"फेऱ्या तीनच असतात."

"पाणी संपवून या, असा नियम आहे. कितव्या फेरीत ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

मास्तरांनी स्वतः नळावर जाऊन बाटली काठोकाठ भरली आणि तिच्या सायकलला लावली.

मी बरंच अंतर ठेवून गाडी तिच्या मागे काढली. साठ किलोमीटर झालेले पाय, डोक्यावर ऊन. सरळ रस्त्यावर तिचा उजवा हात सुटला. सायकल डावीकडे झोकांडली, माझा जीव टांगणीला लागला, पण ती सावरली. हात पुन्हा हँडलला. पुन्हा सुटला. या वेळी बाटली बाहेर आली. निम्मं पाणी तोंडावर, निम्मं छातीवर, पण घोट गेला. मी गाडीत एकटा "बास, बास, झालं!" असा ओरडत होतो. तिला ते बास नव्हतं. पुढे तो उतार आला, ते वळण आलं. तिथे हात सोडायची काडीचीही गरज नव्हती. ताईनं तिथेच हात सोडला, वळणात प्यायली आणि खाली न बघता बाटली जागेवर ठेवली. मी ब्रेक दाबून रस्त्यातच थांबलो. ही मला शाळेत हात धरून नेणारी, मेणात दात बसवणारी, माझीच बहीण, आणि मला तिची भीतीच वाटली. देवळात वाटते तशी.

मास्तरांनी बाटली उलटी केली तेव्हा दोन थेंब पडले. बाकीचे धावून, जेवून, अंथरुणं गुंडाळत होते. ताई एकटीच बंधाऱ्यावरून दहा किलोमीटर धावली. फार हळू धावली. एकेक जण गुंडाळी खाली टाकून बाहेर येऊन उभा राहिला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तसं काही सुचलंच नाही कुणाला.

परतताना गाडीत मला राहवेना. "ताई, एक सांगू? पाचही दिवस मला वाटत होतं, तुला जमू नये."

"माहीत आहे," ती म्हणाली. पाय वर घेऊन, डोळे मिटून बसली होती. "म्हणून तर तुला आणला. सगळे जमेल जमेल म्हणत होते. घरात माझ्याइतकाच भ्यालेला तू एकटाच होतास. मला एकटीनं भ्यायचं नव्हतं रे."