जुनीचा घुमारा

भोकरच्या मंडपात भीमगीतांचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. ऑर्केस्ट्रातला बास गिटारवाला माझ्याशेजारीच दोन गिटारी घेऊन बसला होता. एक नवीकोरी, दुसरी रंग उडालेली. जुनीला तो रुमालानं सारखा पुसत होता.

"काका, आज कोणती घेऊ?" म्हणत त्यानं दोन्ही स्पीकरला जोडून वाजवल्या. नवीचा सूर घासलेल्या ताटासारखा लख्ख. जुनीचा घोगरा, पोटात घुमणारा.

"नवीच घे," मी ठासून सांगितलं.

"हाव, नवी लई साफ हाय. पन नवीवर लोकायचे मोबाईल वर जातेत, जुनीवर पाय हालतेत."

"काहीतरीच!"

तो हसला, पुन्हा जुनी वाजवू लागला आणि हनुवटीनं खाली खूण केली. चपलेतला माझा अंगठा मला न विचारताच ठेका धरून बसला होता.