मामाच्या सॅक्सोफोनची पेटी
मामाच्या सॅक्सोफोनची पेटी परवा उघडली आणि आतल्या लाल मखमलीतून सिगारेट आणि सेंटचा तोच जुना वास आला. मुंबईतल्या एका नामांकित नाइटक्लबमध्ये मामा वर्षानुवर्षं वाजवायचा. तिथली झुंबरं, गुळगुळीत लाकडी फरशी, बिलगून नाचणारी जोडपी, हे सगळं मामीने नुसतं ऐकलेलं. क्लब बंद पडला तशी पेटीही बंद झाली. मग माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी गावी, नंदाखालला, आम्ही रीतीप्रमाणे वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला निघालो, तेव्हा मामी म्हणाली, "आज तरी वाजवा." केळीच्या वाडीतल्या विहिरीपाशी पोहोचताना मामाने सवयीने क्लबातली संथ धून धरली. बेभान नाचणारी पोरं गोंधळून थांबली, ढोलवाला थांबला, मामाही ओशाळून थांबला. मामीने डोक्यावरची कळशी माझ्या हातात दिली. "थांबलात कशाला? तिथे लोक यावरच नाचायचे ना? मग चला, आपणही नाचू." "अगं, पण मी नाचलो तर वाजवणार कोण?" "तुम्ही वाजवा," ती म्हणाली, आणि विहिरीपाशी एकटीच, डोळे मिटून, हळूहळू गिरक्या घेऊ लागली. धून संपेपर्यंत कुणी हललं नाही. त्या क्लबच्या जागी आता म्हणे बँक आहे. पण क्लबचा विषय निघाला, की माझ्या डोळ्यांसमोर नंदाखालची विहीरच येते.